स्पार्कमध्ये मजकुराच्या फायली वाचण्याची पद्धत कशी निवडावी

स्पार्क या, डेटा अनेक संगणकांवर वाटून हाताळणाऱ्या प्रणालीत मजकूर वाचण्याच्या अनेक पद्धती आहेत आणि लहानशा नमुन्यावर त्या सगळ्या सारख्याच वाटतात; फरक कळतो तो खरा डेटा आल्यावर. म्हणून कोड लिहायला बसण्यापूर्वी दोन प्रश्नांचा निकाल लावावा. आपल्या दृष्टीने एक नोंद म्हणजे एक ओळ, काही ओळींचा गट की अख्खी फाइल? आणि ती फाइल मधूनच तोडून निरनिराळ्या टास्कना (समांतर चालणाऱ्या कामाच्या तुकड्यांना) वाटता येते का?

दुसऱ्या प्रश्नासाठी आतली यंत्रणा माहीत हवी. एचडीएफएसवरची (हडूपच्या अनेक संगणकांवर पसरलेल्या फाइल-साठ्यावरची) १ जीबीची साधी फाइल १२८ एमबीच्या ८ ब्लॉकमध्ये पडते, आणि ब्लॉकची सीमा सहसा एखाद्या ओळीच्या मधोमध येते. 'टेक्स्टफाइल' ही पद्धत ज्यावर उभी आहे तो हडूपचा टेक्स्टइनपुटफॉरमॅट हा पेच साध्या नियमाने सोडवतो: पहिला तुकडा वगळता प्रत्येक तुकड्याचा वाचक आपली सुरुवातीची ओळ सोडून देतो, आणि प्रत्येक वाचक आपली सीमा ओलांडून हाती घेतलेली शेवटची ओळ पूर्ण करतो. त्यामुळे एकही ओळ हरवत नाही आणि दोनदाही येत नाही.

हे सारे नव्या ओळीचा बाइट नेमका ओळखण्यावर अवलंबून असते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असले तरी '०ए' हा नव्या ओळीचा बाइट त्यांत कधीच येत नाही. यूटीएफ-१६मध्ये मात्र 'ऊ' हे अक्षरच '०९०ए' असे साठवले जाते, म्हणजे 'ऊन' या शब्दाच्या पहिल्याच अक्षरात ओळ तुटते, आणि त्याबद्दल कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. अशा फायली आधी यूटीएफ-८मध्ये बदलून घ्याव्यात. येथे तडजोड करू नये.

फाइल संकुचित (कॉम्प्रेस केलेली) असेल तर तोडण्याचा प्रश्न आणखी कळीचा ठरतो. जीझिपची फाइल मधूनच वाचता येत नाही, म्हणून ती कितीही मोठी असली तरी एकाच टास्ककडे जाते आणि बाकीचे कोर रिकामे राहतात. वाचून झाल्यावर रिपार्टिशन (डेटाची नव्याने वाटणी) केले तर पुढचे काम वाटले जाते, पण वाचन एकट्यानेच होते. बीझिप२ तोडता येते, मात्र ते उलगडण्यास सीपीयू बराच लागतो. फायली तयार करणारी बाजू आपल्या हाती असेल, तर एका अजस्र जीझिप फाइलीऐवजी बेताच्या आकाराच्या अनेक फायली मागाव्यात, हे मी आग्रहाने सांगेन.

आता ओळ हीच नोंद असेल तर 'टेक्स्टफाइल' आणि 'स्पार्क.रीड.टेक्स्ट' यांत निवड करायची असते. पहिलीतून आरडीडी (अनेक संगणकांवर वाटलेला नोंदींचा संच) मिळते, दुसरीतून 'व्हॅल्यू' नावाचा एकच स्तंभ असलेली डेटाफ्रेम, म्हणजे स्तंभांचा तक्ता. पायथनमध्ये आरडीडीवर मॅप किंवा फिल्टर चालवले की प्रत्येक ओळ जेव्हीएममधून (स्पार्क ज्यात चालते त्या जावाच्या यंत्रणेतून) पायथनच्या प्रक्रियेत जाते. डेटाफ्रेमची अंगभूत फंक्शने वापरली तर ही ये-जा टळते. लहान फायलींच्या बाबतीत अंतर आणखी वाढते. ५० केबीच्या १०,००० फायली 'टेक्स्टफाइल'ने वाचल्या तर प्रत्येक फाइलीला एक, अशी सुमारे १०,००० पार्टिशन (एकेका टास्कला मिळणारे डेटाचे भाग) होतात. डेटाफ्रेमचा वाचक प्रत्येक फाइल उघडण्याचा खर्च ४ एमबी धरून १२८ एमबीच्या मर्यादेत त्या एकत्र बांधतो, त्यामुळे मूळ सेटिंग असताना एका पार्टिशनमध्ये सुमारे ३२ फायली बसतात आणि टास्क ३००च्या आसपास राहतात. म्हणून नव्या कामासाठी डेटाफ्रेमच घ्यावी. ओळ कोणत्या फाइलीतून आली हे हवे असल्यास 'इनपुट_फाइल_नेम' हे फंक्शन आहे.

अख्खी फाइल हीच नोंद असेल तर 'होलटेक्स्टफाइल्स' फाइलीचा मार्ग आणि मजकूर अशी जोडी देते. मात्र प्रत्येक फाइल पूर्णपणे मेमरीत येते, म्हणून ही पद्धत लहान फायलींपुरतीच ठेवावी. शिवाय पार्टिशनची किमान संख्या आपण दिली नाही तर ती जास्तीत जास्त २ धरली जाते आणि हजारो फायली मोजक्याच टास्कमध्ये कोंबल्या जातात. ही संख्या दुसरा आर्ग्युमेंट म्हणून नेहमी द्यावी.

सर्वांत अवघड प्रकार अनेक ओळींच्या नोंदीचा. त्यासाठी 'न्यूएपीआयहडूपफाइल' वापरून 'टेक्स्टइनपुटफॉरमॅट.रेकॉर्ड.डिलिमिटर' या सेटिंगमध्ये आपला विभाजक द्यावा. तो ठराविक अक्षरसमूहच असावा लागतो, रेग्युलर एक्स्प्रेशन चालत नाही. समजा, लॉगची प्रत्येक नोंद चौकटी कंसाने सुरू होते आणि त्रुटीचा तपशील खालच्या ओळींवर येतो. तर नवी ओळ आणि तिच्यापुढचा कंस मिळून विभाजक करता येतो. पण विभाजक नोंदीतून गळतो, म्हणून पहिली सोडून प्रत्येक नोंदीला तो कंस पुन्हा जोडावा लागतो. स्काला किंवा जावामध्ये आणखी एक काळजी घ्यावी: हडूपचा वाचक प्रत्येक नोंदीसाठी तोच टेक्स्ट ऑब्जेक्ट पुन्हा वापरतो, त्यामुळे ही आरडीडी थेट कॅश केल्यास (मेमरीत राखून ठेवल्यास) एकच नोंद वारंवार दिसू लागते. कॅश, सॉर्ट किंवा कलेक्ट करण्याआधी मॅपमध्ये 'टूस्ट्रिंग' करून प्रत्येक नोंदीची स्वतंत्र प्रत घ्यावी.