घरच्यांची सायकल शर्यत: दिवाळीच्या सुट्टीत कशी भरवाल?

पाऊस थांबलाय, रस्ते कोरडे झालेत आणि डोंगर अजून हिरवे आहेत. महाराष्ट्रात सायकल बाहेर काढायला याहून बरे दिवस नाहीत. त्यात मुलांना सुट्टी आणि मामा-आत्यांची मंडळी घरी आलेली. पण सगळे मिळून सायकलवर निघाले की होतं काय, बाबा आणि थोरला पुढे पळतात, आई धाकटीबरोबर मागे राहते, आणि आजोबा घरीच पेपर वाचत बसतात. यावर एकच उपाय आहे. जो जोरात जातो तोच जिंकेल अशी शर्यत लावायचीच नाही. घरातल्या कुणालाही जिंकता येईल अशा शर्यती लावायच्या. त्या अवघड नाहीत, फक्त आदल्या दिवशी थोडी तयारी लागते.

वेळ आणि जागा

ऑक्टोबर हीट गंमत म्हणून घेऊ नका. पुण्याच्या बाजूला या दिवसांत साडेसहा-पावणेसातला सूर्य उगवतो. सातला सुरुवात करून नऊच्या आत सगळं आटपायचं. दिवाळीनंतर थंडी पडली की तासभर उशीर चालतो.

वाहत्या रस्त्यावर शर्यत नको. रस्ता अडवायला पोलिसांची परवानगी लागते, आणि परवानगीशिवाय मुलांना जोरात सोडणं म्हणजे सरळ बेजबाबदारपणा. शाळेचं मैदान सुट्टीत रिकामं असतं, मुख्याध्यापकांना विचारून ठेवा. सोसायटीचा आतला रस्ता चालतो, फक्त गाड्या काढायच्या-लावायच्या वेळा सांभाळा. गावी असाल तर वर्दळ नसलेली रुंद पाणंद उत्तम. कालव्याकडेचा रस्ता दिसायला छान, पण बहुतेक ठिकाणी कठडा नसतो. लहानांना तिथे नकोच.

पश्चिम महाराष्ट्रात एक काळजी जास्तीची. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागची ट्रॉली वळणावर किती आत येईल याचा भरवसा नसतो. कारखान्याकडे जाणारा रस्ता त्या दिवसांत टाळा.

आणि सराटा! पावसात मैदानाच्या कडेनं पसरलेली ही वेल आता वाळते, तिच्या फळांचे तुकडे होऊन काटे मातीत पडतात. कसेही पडले तरी एखादं टोक वर असतंच. आदल्या संध्याकाळी मार्गावरून पायी फिरा, कडेची वेल दिसली की त्या बाजूला फिरकायचं नाही अशी खूण करून ठेवा. तरीही काटा घुसला आणि पंक्चरचं सामान जवळ नसेल तर तो लगेच उपटू नका. काटा भोकात असेपर्यंत हवा हळूहळू जाते, तेवढ्यात घर गाठता येतं. घरी ट्यूब काढली की टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. बोटाला न लागणारं मोडकं टोकही कापसाला अडकतं. हे न करता नवी ट्यूब घातली तर संध्याकाळपर्यंत तीही बसते.

सायकली बघून घ्या

चार महिने जिन्याखाली पडलेली सायकल थेट शर्यतीत नेऊ नका. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. चेन फडक्यानं पुसून मग तेल द्या, गंजावर तेल ओतून उपयोग नाही. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा, चाक फिरलं तर ब्रेक कसायला हवेत.

सीटची उंची मोठ्यांसाठी अशी ठरवा: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. नुकतीच शिकलेली मुलं मात्र बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकवू शकली पाहिजेत. ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून एक माप मोठी सायकल घेण्याची आपली सवय कपड्यांपुरती ठीक आहे.

हेल्मेट सगळ्यांना, आजोबांनासुद्धा. भुवयांच्या वर दोन बोटं जागा, कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी ‘व्ही’, आणि हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जातील एवढाच पट्टा सैल. डोक्यावर मागे सरकवलेलं हेल्मेट फोटोपुरतंच.

पहिली शर्यत: स्लो सायकल

गणेशोत्सवात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगणारा हा खेळ हल्ली मागे पडलाय, तो परत आणाच. पंधरा-वीस मीटरची सरळ जागा घ्या, फक्कीनं किंवा खडूनं प्रत्येकासाठी साधारण मीटरभर रुंद पट्टा आखा. सगळे एकदम सुटतात आणि जो सगळ्यात शेवटी पोहोचतो तो जिंकतो. पाय टेकला, बाद. पट्ट्याबाहेर चाक गेलं, बाद.

मुलांना दोनच गोष्टी सांगा. मागचा ब्रेक हलका धरून पायडल मारत राहायचं, आणि नजर चाकाकडे न ठेवता समोरच्या रेषेवर ठेवायची. चाकाकडे बघणारा पाच मीटरमध्ये पडतो. गिअरवाली महागडी सायकल मिरवणारा दादा इथे सगळ्यांच्या आधी पोहोचतो, म्हणजे हरतो, आणि जुन्या काळ्या सायकलवरचे आजोबा आरामात मागून येतात. गंमत बाजूला ठेवली तरी खड्डा चुकवताना, गर्दीतून वाट काढताना नेमका हाच तोल कामाला येतो, म्हणून सुरुवात इथून करा.

दुसरी: मागेपुढे सुटायची

ही खरी शर्यत. दोन-तीन दिवस आधी प्रत्येकाला एकट्याला मार्गावर सोडून वेळ घ्या. समजा दोन किलोमीटरला धाकटीला नऊ मिनिटं लागली, आईला साडेसात आणि दादाला सहा. शर्यतीच्या दिवशी धाकटी आधी सुटेल, दीड मिनिटानं आई, आणि आणखी दीड मिनिटानं दादा. हिशोब बरोबर असेल तर शेवटच्या शंभर मीटरमध्ये सगळे एकत्र येतात, आणि आरडाओरडा काय होतो ते तेव्हाच कळतं. मागे टाकताना नेहमी उजवीकडून जायचं आणि घंटी वाजवायची, हे आधी बजावून ठेवा.

एक सावधगिरी: चाचणीच्या दिवशी मुद्दाम हळू चालवणारा एखादा महाभाग प्रत्येक घरात निघतो. त्यासाठी नियम करून टाका. चाचणीपेक्षा मिनिटभराहून जास्त लवकर आला, तर पहिला नंबर रद्द. यात बाबालोकांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

तिसरी: अंदाजाची

ज्यांना जोर लावायचा नाही त्यांच्यासाठी. सुटण्याआधी आपल्याला किती वेळ लागेल ते प्रत्येकानं कागदावर लिहून द्यायचं, घड्याळ आणि मोबाइल काढून ठेवायचे, आणि मिनिटामिनिटाच्या अंतरानं एकेकानं सुटायचं. लिहिलेल्या वेळेच्या सगळ्यात जवळ जो येईल तो जिंकला. आजीनं तीनचाकी सायकल घेतली तरी चालेल.

सायकल न चालवणाऱ्यांनाही काम

२०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करायची सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. अशा शर्यतीत मागून गाडीतून येणारी माणसं नसतील तर सायकलस्वार काही करू शकत नाही. खाणं देणं, वेळ लिहिणं, रस्ता सांगणं हे सगळं तेच बघतात. घरच्या शर्यतीतही गुडघे दुखणाऱ्या काकूंच्या हातात स्टॉपवॉच आणि वही द्या, आणि त्यांचा निकाल अंतिम. वळणावर एक मोठं माणूस उभं करा. मलमपट्टीची पेटी त्याच्याकडेच.

खाण्याचं थोडक्यात: सुटण्याआधी केळं किंवा खजूर, पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, मध्ये मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. चकली आणि चिवडा शर्यतीनंतर, आधी खाल्ला तर नुसती तहान लागते. बेसनाचा लाडू बक्षीस म्हणून उत्तम.

पुढच्या वर्षी गोडी लागली तर

घरातल्या मोठ्यांना लांबचं अंतर खुणावू लागलं तर बीआरएम आहेत, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरावीक वेळेत सायकलनं पूर्ण करायच्या फेऱ्या. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, आणि त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोहोचलेला प्रत्येकजण सारखाच. बाकीच्यांनी मधल्या एखाद्या नोंदणीच्या ठिकाणी जाऊन थांबावं.

मुलांना मोठी शर्यत दाखवायची असेल तर जागा नीट निवडा. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्तानं पुण्याच्या रस्त्यांवर आंतरराष्ट्रीय सायकलपटू धावले. अशा शर्यतीत सपाट रस्त्यावर उभं राहिलात तर सगळा घोळका काही सेकंदांत निघून जातो, आणि मुलांना फक्त वाऱ्याचा झोत लागतो. त्यापेक्षा चढ गाठा. तिथे वेग कमी होतो, घोळका फुटतो, चेहरे दिसतात, कोण गिअर बदलतोय आणि कोण सीटवरून उठलाय ते कळतं. रस्ता बंद होण्याच्या दीड-दोन तास आधी पोहोचा, गाडी खालीच ठेवून चालत वर जा, आणि मुलांना वळणाच्या आतल्या बाजूला दोरीच्या मागे हात धरून उभं करा. बाहेरच्या बाजूला नको, घसरलेली सायकल तिकडेच येते.