शाळेत गॅसवरची रेस-कार बनवून घ्यायची असेल तर: आधी भोकं, मग आकार

गॅसवर पळणारी गाडी म्हटलं की पालक घरच्या सिलिंडरकडे बघतात. म्हणून पहिल्या दिवशीच सांगून टाका, इथे काहीच पेटत नाही. घरी सोडा बनवायच्या यंत्रात बसते ती 8 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची छोटी लोखंडी कुपी हेच या गाडीचं इंजिन. कुपीचं तोंड टोचलं की गॅस मागे सुटतो, गाडी पुढे पळते आणि 20 मीटरचा पट्टा बघता बघता संपतो. नववीतला न्यूटनचा तिसरा नियम मग वेगळा शिकवावा लागत नाही.

लाकूड हलकं हवं. बाल्सा मागवता आलं तर उत्तम, नाहीतर सावर किंवा पांगरा. तान्ह्या पोळ्याचे नंदी घडवणाऱ्या सुताराकडे वाळलेला तुकडा मिळतो. सागवान मात्र नको, पोट्टे कितीही कौतुकानं आणोत. ठोकळा 30 सेंटिमीटर लांब, 7 रुंद, 4 जाड आणि सगळ्या बाजूंनी काटकोनात रंधलेला. आलेख कागदावर वरून आणि बाजूनं असे दोन आराखडे काढून घ्या. नंदीची चाकं लावू देऊ नका, जड पडतात.

आता खरी पायरी, भोकं पाडण्याची. मलाही सगळ्यात जड हीच गेली. ‘आधी आकार द्या, मग आसाची भोकं पाडा’ असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांचं ऐकू नका. एकदा ठोकळा कोरून गोलाकार झाला की ड्रिलखाली तो सपाट बसतच नाही. सगळी भोकं ठोकळा चौकोनी असतानाच पाडायची, पॉलिश पेपर नंतर.

दुसरा वाईट सल्ला म्हणजे दोन्ही बाजूंनी खुणा करून अर्धं अर्धं भोक पाडणं. मधोमध दोन्ही भोकं जुळत नाहीत, आत पायरी राहते आणि आस वाकडा बसतो. गुण्या लावून एकाच बाजूला खूण करा आणि आरपार एकाच दमात जा. हातातलं ड्रिल इथे चालत नाही. तालुक्याला वेल्डिंगच्या दुकानात स्टँडचं ड्रिल असतं. अर्ध्या तासाचे पैसे द्या, पण तिथेच जा. पुढचं आणि मागचं भोक पाडताना ठोकळ्याची तीच बाजू खाली आणि तीच कड आडव्या पट्टीला टेकलेली हवी. मध्ये ठोकळा उलटला की दोन आस समांतर राहिलेच म्हणून समजू नका.

कुपीचं भोक मागून 19 मिलिमीटर व्यासाचं, 50 खोल आणि जमिनीला समांतर. त्याआधी लाँचरची, म्हणजे कुपीचं तोंड टोचून गाडी सोडणाऱ्या यंत्राची, पिन जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा आणि चाकांचा व्यास त्यावरून ठरवा. भोकाभोवती सगळीकडून किमान 3 मिलिमीटर लाकूड राहिलंच पाहिजे. गाडी सडपातळ दिसावी म्हणून मुलं नेमकं तिथेच घासत बसतात.

आस म्हणून सायकलचा 2 मिलिमीटरचा स्पोक छान चालतो, पण नवा घ्या. काचेवर ठेवून बोटानं लोटा. खालून उजेडाची फट उघडझाप करत दिसली तर तो वाकलेला आहे, फेकून द्या. भोकात आधी प्लास्टिकची नळी बसवा आणि स्पोक तिच्यात सैल फिरू द्या.

चाकं बसली की कंपासपेटीतल्या कर्कटकानं डाव्या बाजूला दोन आसांमधलं अंतर घ्या आणि तेच उजव्या बाजूला लावून बघा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर नळ्या काढून पुन्हा बसवा. मग फरशीवर गाडी हलकेच ढकला. एकीकडे वळली तर लगेच आसाला दोष देऊ नका. तिला त्याच वाटेनं उलट्या टोकाकडून ढकला. पुन्हा त्याच भिंतीकडे गेली तर फरशीलाच उतार आहे. या खेपेला दुसऱ्या भिंतीकडे गेली तर आस तिरका आहे.

रंग हवा तो द्या, पातळ द्या.

शर्यतीचा पट्टा सोपा आहे. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, ताणून बांधा आणि गाडीच्या पोटाखालचे दोन हूक तिच्यात ओवा. शेवटी फरदडीचा कापूस भरलेलं पोतं ठेवा, गाडी फुटत नाही. लाँचर तयारच घ्या. खिळा आणि हातोडीनं कुपी फोडायचा जुगाड कुणी सुचवला तर त्याला वर्गाबाहेर काढा. सगळ्यांना चष्मे, आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना कुणी उभं राहायचं नाही.

आणि राजेहो, आपल्या उन्हाचं भान ठेवा. 31 अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहतच नाही आणि कुपीतला दाब भराभर चढतो. गाडीच्या डिक्कीत कुप्या ठेवून एप्रिलमध्ये तालुक्याहून येणं म्हणजे संकट ओढवून घेणं. तापलेली कुपी गाडी जास्त पळवते, हे पोरांना लवकर कळतं आणि ती खिशात कुपी गरम करून आणतात. म्हणून सगळ्या कुप्या एकाच थर्माकोलच्या डब्यात सावलीत ठेवा, लाँचरपाशी आपल्या हातानं द्या आणि सगळ्या फेऱ्या सकाळी आठच्या आत उरका. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांची तुलना करून नंबर काढू नका. धाव संपल्यावर कुपी बर्फासारखी गार असते. दोन मिनिटं तिला हात लावू देऊ नका, मगच मोजून भंगारात टाका.