पूर्ण भूल घ्यायला येताना

पित्ताच्या खड्यांसाठी आलेले एक आजोबा. सकाळी साडेआठला ऑपरेशन थिएटरच्या दारात विचारलं, "काही खाल्लंय का?"
"छे, रात्रीपासून उपाशी."
"चहा?"
"तो घेतला की सहाला. दोन खारी बुडवून."

चहा-खारीला आपल्याकडे कुणी खाणं म्हणत नाही. ऑपरेशन दुपारवर ढकललं. सर्जन चिडले, आजोबा त्याहून चिडले. बावीस वर्षं भूल देतेय, पण उपाशी का राहायचं हे आपणच नीट सांगत नाही, हे मला त्या दिवशी पटलं.

भूल म्हणजे झोप नव्हे. झोपलेल्याला चिमटा काढला तर तो उठतो. मेंदूतल्या पेशींना गप्प बसवणारं गाबा नावाचं रसायन आपल्या डोक्यात मुळातच असतं. आम्ही शिरेतून देतो ते दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल हे औषध पेशीवरच्या गाबाच्याच दारांना चिकटतं. दारं जास्त वेळ उघडी राहतात, क्लोराइडचे ऋणभाराचे कण आत शिरतात आणि पेशी सहजी संदेश सोडत नाही. तरी मेंदू बंद पडलेला नसतो. त्याचा आलेख काढला तर संथ, मोठ्या लाटा दिसतात. भजनात सगळेच एका ठेक्यात टाळ कुटायला लागले की शेजाऱ्याशी बोलता येत नाही ना, तसं होतं. थॅलॅमस (मेंदूच्या मधोमध असलेलं संदेशांचं ठाणं) आणि वरचा मेंदू यांच्यातली देवाणघेवाण विस्कटते, आणि शुद्ध जाते.

हे सगळं मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतं. श्वास मंदावतो किंवा थांबतो, ठसका लागत नाही. अशात पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात. म्हणून मटण, तळलेलं वगैरे जड जेवण आठ तास आधी संपवा. हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी. दुधाचा चहा दुधातच धरायचा. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. त्यासाठी बारा-बारा तास घसा कोरडा ठेवू नका, फक्त तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा. बीपीच्या गोळीचंही तेव्हाच विचारून घ्या.

दारू किंवा रोजची झोपेची गोळी असेल तर सांगाच. दोन्ही त्याच गाबाच्या दारांवर काम करतात, आणि सवय झालेल्या मेंदूला माझा नेहमीचा डोस पुरेलच असं नाही. बायकोसमोर बोलता येत नसेल तर तिला बाहेर पाठवते. कवळी, हलणारा दात, तोंडातली मिश्री, हेही लपवू नका.

टेबलावर मास्क लावला की घाबरू नका, तो ऑक्सिजन असतो. तीन मिनिटं शांतपणे खोल श्वास घ्या. पुढे श्वास थांबतो तेव्हा हीच शिल्लक उपयोगी पडते. इंजेक्शन जाताना हात चुरचुरतो, ते प्रोपोफॉलचंच. आकडे मोजायला लावले तर तिसाच्या आत बहुतेकांची जीभ जड होते. मग मी पापणीच्या केसांना हलकेच बोट लावते. पापणी लवली नाही, की पुढचं काम माझं. (केटामाइन या भुलीच्या दुसऱ्या औषधाची तऱ्हा वेगळी. ते एनएमडीए नावाची दुसरी दारं अडवतं. माणूस डोळे उघडे ठेवून, बुबुळं हलवत पडलेला असतो. नातेवाइकांनी तेव्हा आत डोकावू नये.)

मध्येच जाग आली तर, हा प्रश्न रोजचाच. फार क्वचित तसं होतं. ते होऊ नये म्हणून मी शेवटपर्यंत डोक्याशी बसलेली असते. नाडी, बीपी आणि भूल टिकवायला श्वासातून देतो तो वायू तुमच्या उच्छ्वासात किती टक्के आहे ते बघत.

घरात म्हातारं माणूस असेल तर चष्मा आणि कानाचं यंत्र पिशवीच्या तळाशी नको, हाताशी ठेवा. भुलीतून उठल्यावर काहीजण गोंधळतात, सलाईन ओढतात, मुलाला ओळखत नाहीत. दिसायला आणि ऐकू यायला लागलं की पुष्कळदा निवळतं. ओळखीचा एक माणूस शेजारी हवा, दहा नकोत.

आणि घरी गेल्यावर चोवीस तास गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही. भाऊ वाटणीचे कागद घेऊन दारात उभा असला तरी.