पोळा झाला की मुलांशी ‘पुढे काय’ हे बोलून घ्या

यवतमाळ जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवताना दरवर्षी एकच चित्र पाहतो. दिवाळीची सुट्टी संपते, वावरात कापूस फुटलेला असतो आणि नववीच्या वर्गात बाक रिकामे राहतात. वेचणीची मजुरी किलोवर ठरते आणि लगेच हातात पडते. शाळेतून काय हाती लागणार, हे मात्र घरात कुणालाच सांगता येत नाही. वाट दिसली तर पोरं टिकतात, हा माझा अनुभव. ती वाट कागदावर मांडून देणं शिक्षकालाच जमतं असं नाही. शिकलेला मोठा भाऊ, आत्या, मामा, कुणीही हे करू शकतं.

सुरुवात आठवीत, पोळ्यानंतर

पुष्कळ गावांत शाळा सातवी-आठवीपर्यंतच असते. नववीसाठी दुसरं गाव, एसटी, नवे शिक्षक. गळती इथेच होते, म्हणून बोलणं त्याआधी आणि वेचणी सुरू होण्याआधी झालं पाहिजे.

‘मोठेपणी कोण होणार?’ असं विचारू नका. ठरलेली उत्तरं येतात. ‘शाळा नसते तेव्हा काय करतोस? गावातले लोक तुला कोणत्या कामाला बोलावतात?’ असं विचारा. एक मुलगा माझ्यापुढे बराच वेळ मान खाली घालून बसला होता. मग हळूच म्हणाला, “मोटर जळाली की काकासोबत वाइंडिंगले बसतो.” मी कोरा कागद पुढे केला. त्यानं थ्री-फेज स्टार्टरची जोडणी काढली, कोणती वायर कुठे जाते ते बोट ठेवून समजावलं. वर्गात हाच मुलगा विज्ञानाच्या तासाला गप्प असायचा.

कागदावर वरून खाली या

सगळ्यात वर काम लिहा, त्याखाली त्यासाठी काय लागतं ते, आणि शेवटी या वर्षी काय करायचं ते. या मुलाच्या कागदावर वर आलं ‘इलेक्ट्रिशियन’. त्याखाली आयटीआयची दोन वर्षं, त्याखाली दहावी पास, गणित-विज्ञानासह. सर्वांत खाली: या वर्षी गणिताचा एकही तास चुकवायचा नाही. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, करता येते, तिथे विद्यावेतन मिळतं. पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा मार्गही असतो.

आमच्याकडे पहाटे पांदणीवर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. त्यातल्या एकानं नववीतच शाळा सोडली होती. शिपाई भरतीला बारावी पास लागते, हे त्याला माहीतच नव्हतं. छाती, उंची, 1600 मीटर, सगळं तोंडपाठ! फार वाईट वाटलं. त्याच्याशी हे चार वर्षं आधी कुणीतरी बोलायला हवं होतं. मुलींनाही असंच नेमकं सांगा: जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, बारावीनंतर तीन वर्षांचा.

कागदाच्या मागच्या बाजूला दुसरी वाट लिहाच. दहावीत एखादा विषय राहिला तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. दहावी नापास मुलांसाठीही वायरमन, वेल्डर, शिवणकाम असे आयटीआय ट्रेड असतात.

कागद घेऊन घरी जा

मजुरीवरून माणसं परत आली की संध्याकाळी जा. आईला आणि बापाला, दोघांनाही बसवा. वाइंडिंगवाल्या मुलाच्या आईनं पहिलाच प्रश्न टाकला, “सर, दोन वर्ष शिकून पोट्टा घरीच बसला तं?” हा प्रश्न टाळू नका आणि नोकरीची हमीही देऊ नका. मी म्हटलं, “काकू, हमी मी देऊ शकत नाही. पण हातात सरकारी प्रमाणपत्र असलं तर तो आपल्या नावानं काम घेईल, काकाच्या हाताखाली राहणार नाही.” मग पैशाचं बोला, कारण घर त्यावरच चालतं. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात; कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. मुलींना शाळेसाठी एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे. वेचणी पूर्ण बंद करा म्हणाल तर कुणी ऐकणार नाही, आणि ते रास्तही नाही. रविवार आणि सुट्ट्या वावराच्या, बाकीचे दिवस शाळेचे, एवढं त्यांच्याच तोंडून ठरवून घ्या.

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागत असेल तर नॉन-क्रिमीलेअर, हे नववीतच काढायला लावा. जात पडताळणीला आजोबांच्या काळची कागदपत्रं शोधावी लागतात, त्यात महिने जातात.

निकालाच्या दिवशी

नापास झालेलं पोरगं त्या दिवशी शाळेकडे फिरकत नाही. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला मोजकेच दिवस असतात. त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जा आणि तोच कागद काढून मागची बाजू वाचायला लावा.