दंडाची बातमी आली की आकडा शेवटी वाचा

वर्तमानपत्राच्या परदेश डेस्कवर काम करते, त्यामुळे 'गूगलला विक्रमी दंड', 'मेटाला दणका' असे मथळे सतत हाताखालून जातात. आकडा एवढा मोठा असतो की त्यापुढे बाकीची बातमी कुणी वाचतच नाही. खरी बातमी मात्र बहुतेक वेळा आकड्याच्या खालीच असते. म्हणून माझा आग्रह आहे, आकडा शेवटी वाचा.

आधी बघा, दंड खरंच झालाय का? युरोपीय आयोग, म्हणजे युरोपीय संघाची कार्यकारी यंत्रणा, निर्णयाआधी कंपनीला आक्षेपपत्र धाडतो. ते नुसतं आरोपपत्र असतं, त्यावर कंपनी उत्तर देते, फाइलची छाननी होते. पण 'उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो' हे वाक्य त्याच दिवशी छापून येतं आणि लोक दंड झाला असं धरून चालतात. 'होऊ शकतो' दिसलं की तिथेच थांबा.

मग कोणी आणि कोणत्या कायद्याखाली, ते शोधा. स्पर्धा कायद्याची मोठी प्रकरणं ब्रुसेल्सचा आयोग बघतो. तिथे कमाल मर्यादा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या 10 टक्के. वैयक्तिक माहितीच्या जीडीपीआर कायद्यात ती 4 टक्के किंवा 2 कोटी युरो, यातलं जे जास्त असेल ते. तिथे कंपनीचं युरोपातलं मुख्यालय ज्या देशात, तिथला नियामक पुढाकार घेतो, आणि बऱ्याच मोठ्या टेक कंपन्यांचं ते आयर्लंडमध्ये आहे, म्हणून इतके दंड डब्लिनहून येतात. आणि हे टक्के म्हणजे छप्पर आहे. 2017 मध्ये गूगल शॉपिंग प्रकरणात, म्हणजे शोधात स्वतःचीच खरेदी-तुलना सेवा वर दाखवल्याबद्दल, 242 कोटी युरो दंड झाला, तो छपराच्या एक तृतीयांशापर्यंतही पोचला नव्हता.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आदेश काय दिला? काय बंद करायचं, किती दिवसांत, आणि नाही केलं तर काय? 2018 च्या अँड्रॉइड प्रकरणात 434 कोटी युरोंचा बोलबाला झाला. आदेश असा होता, की प्ले स्टोअर हवं असेल तर सर्च आणि क्रोमही फोनवर घालाच, ही फोन कंपन्यांवरची सक्ती 90 दिवसांत थांबवा. नाहीतर रोजच्या सरासरी जागतिक उलाढालीच्या 5 टक्क्यांपर्यंत वेगळा दंड. पुढे 2020 पासून युरोपात नवा अँड्रॉइड फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडायची स्क्रीन दिसू लागली. सामान्य माणसाच्या हाती लागला तो हा बदल.

आदेश न पाळल्याचं उदाहरण मायक्रोसॉफ्टचं. 2004 मध्ये दंड होता 49.7 कोटी युरो, सोबत प्रतिस्पर्ध्यांना तांत्रिक माहिती द्यायचा आदेश. तो नीट पाळला नाही म्हणून 2008 मध्ये आणखी 89.9 कोटी. नंतर कोर्टाने ते 86 कोटींवर आणले, तरी मूळ दंडापेक्षा कितीतरी जास्तच.

मेटाचंही बघा. 2023 मध्ये 120 कोटी युरो दंड झाला. आयर्लंडच्या नियामकाच्या मसुद्यात दंड नव्हताच, युरोपीय माहिती संरक्षण मंडळाने, म्हणजे सगळ्या देशांच्या नियामकांच्या सामायिक मंडळाने, तो लावायला लावला. त्याच निर्णयात युरोपीय लोकांची माहिती अमेरिकेत पाठवणं थांबवायला 5 महिने दिले होते. मुदत संपण्याआधीच, जुलैमध्ये, युरोप-अमेरिका नवी व्यवस्था लागू झाली आणि माहितीची वाट पुन्हा मोकळी झाली. ही दुसरी बातमी पहिलीच्या पासंगालाही पुरेल एवढी छापली गेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

शेवटी कोर्ट. कंपनी अपिलात जाते, तोवर पैसे तात्पुरते भरते किंवा बँक हमी देते. त्यामुळे 'वसूल झाले' असं लगेच समजू नका. प्रकरणाचा क्रमांक टिपून ठेवा: 'टी'ने सुरू झाला तर ते लक्झेंबर्गला युरोपीय संघाच्या जनरल कोर्टात आहे, 'सी'ने असेल तर वरच्या न्यायालयात. सप्टेंबर 2024 मध्ये आठवड्याभराच्या अंतराने दोन निकाल आले. वरच्या न्यायालयाने शॉपिंगचे 242 कोटी कायम केले, तर जनरल कोर्टाने गूगलच्या अ‍ॅडसेन्स या जाहिरात सेवेच्या प्रकरणातला 149 कोटींचा दंड रद्द केला. कंपनी तीच, दंड करणारा आयोगही तोच.