रात्री एक-दीडपर्यंत झोप न लागणं, माझं कशानं सुटलं

साडेदहाला अंथरुणावर पडायचो, डोळे टक्क उघडे, झोप लागायची दीडला आणि सकाळी डोकं जड. सहा महिने हेच. हळद-दूध झालं, तळपायाला तेल झालं, पावसाच्या आवाजाचं ॲपपण झालं. वैताग आला होता नुसता.

घोळ निघाला चहात. ऑफिस सुटलं की पोवई नाक्यावर साडेसहाला एक, घरी आठला अजून एक. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण 5 तास लागतात, म्हणजे आठचा चहा रात्री एकलापण निम्मा अंगातच.

मग आधी आठचा बंद केला, चार दिवसांनी साडेसहाचा, आता शेवटचा कप दुपारी 2 ला (एकदम सगळा सोडला तर डोकं ठणकतं, करून बघितलंय). नंतर उठायची वेळ 6 ला फिक्स, झोप झाली असो नसो, रविवारीपण, आणि उजाडलं की अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं अर्धा तास. दुपारची डुलकी नाही. शेवटी मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकघरात, आणि अंदाजे 20 मिनिटांत झोप नाही आली तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, पेंग आली की परत.

पहिला आठवडा बेकार गेला. तिसऱ्यात अकराच्या आत घोरायला लागलो, असं बायको म्हणते.