मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियमचं सिरप नको

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेनचं पिल्लू घरी आलं की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतंच, "हाडं मजबूत व्हायला कॅल्शियमचं सिरप सुरू करा." व्हेटने स्वतः तपासून दिलं नसेल तर करू नका. सहा महिन्यांखालच्या पिल्लाच्या आतड्यांना जास्तीचं कॅल्शियम नीट अडवता येत नाही. ते शोषलं जातं आणि वाढत्या हाडांची, सांध्यांची घडण बिघडते. 'लार्ज ब्रीड पपी' लिहिलेल्या तयार खाण्यात कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण आधीच बसवलेलं असतं. वरून चमचाभर सिरप ओतलं की ते विस्कटलं.

नुसत्या चिकन-भातावर वाढवलं तर उलटी अडचण: मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. घरचंच द्यायचं असेल तर व्हेटकडून आहार लिहून घ्या, अंदाजपंचे नको.

गुटगुटीत पिल्लू सगळ्यांना आवडतं (आजीला तर फारच), पण ते वजन कोवळ्या सांध्यांवर पडतं. एक हात पालथा पसरा आणि बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. पिल्लाच्या बरगड्या साधारण तशा लागायला हव्यात. तळहातासारखं मऊ लागलं तर उद्यापासून वाटी थोडी कमी भरा.

चार-पाच महिन्यांपर्यंत दिवसातून तीनदा, मग दोनदा, तेही मोजून. भांडं दिवसभर भरून ठेवू नका. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं अजिबात नाहीत.